खोलीतलं खोलीत

"बाळ, मी तुला मुलाचा पगार विचारत नाहीये. तब्येत विचारतेय. तुझ्याकडे येतो ना तो औषधाला?"

आक्कांनी चमचा बशीत ठेवला तो जरा जोरातच. डॉक्टर पावाला लोणी लावत होते, ते लावतच राहिले. पावाच्या कडेपर्यंत लोणी पोचलं, मग कडेबाहेर गेलं.

"दवाखान्यात कोण येतं हे मी हिलासुद्धा सांगत नाही, आक्का."

"मी काही तुझी बायको नाही. मी तुझी बहीण आहे."

ते बायकोलाही काही सांगत नाहीत, हे शंभर टक्के खरं होतं. मी डॉक्टरांची बायको. आमचं घर दवाखान्याच्या मागे, मध्ये फक्त एक दार. तरी गावातली कुठलीही बातमी सगळ्यांत शेवटी मला कळायची. एकदा शेजारणीला मी म्हटलं, "अंग सुटलंय हो तुमचं, सकाळी फिरायला जात जा." ती बघतच राहिली. सातवा महिना लागला होता तिला, आणि पहिल्या महिन्यापासून आमच्याच दवाखान्यात येत होती. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. घरी येऊन मी डॉक्टरांवर तोंडसुख घेतलं, तर ते हसले आणि म्हणाले, "तिनं मला सांगितलं होतं, तुला नाही. खोलीतलं खोलीत राहतं."

हे त्यांचं पालुपद होतं. रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी ते पेशंटच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे. लग्न नवीन असताना मी एकदा विचारलं होतं, एवढ्याशा वेळात काय मागता? म्हणाले, "तोंड बंद ठेवायची अक्कल." मला वाटलं, थट्टा करतायत. पण मग म्हणाले, "अगं, रविवारी माणसं देवापुढे गुडघे टेकून काय काय सांगतात. त्यानं आजवर कुणाचं बाहेर सांगितलंय का? सोमवारी तीच माणसं माझ्यापुढे बसतात. मग मी कोण लागून गेलो?"

तर आक्का. डॉक्टरांची आई ते लहान असतानाच गेली. आक्कांनी दुसऱ्यांचे कपडे शिवून या भावाला वाढवलं, शिकवलं, स्वतःचं लग्न त्यापायी उशिरा केलं. त्यामुळे पन्नाशीच्या डॉक्टरांना भर दवाखान्यात "बाळ, केस कापून घे" म्हणायचा त्यांना हक्कच होता. त्यांची एकुलती एक मुलगी बेबी. तिला शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी मागणी घातली होती. मास्तर आमच्याच चर्चमधले, शांत, रविवारी मुलांना गाणी शिकवणारे. बेबी तर आधीच हरखली होती.

"मुलगा सज्जन आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "बाकी बेबीनं त्याला स्वतः विचारावं. लग्न करणाऱ्यांनी एकमेकांना सगळंच विचारावं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तेच."

आक्का माझ्याकडे वळल्या. "हा लहानपणापासून असाच. सरळ उत्तर दिलं तर याची जीभ झिजते." आणि त्यांनी दुसरा कप चहा मागितला. लग्न ठरलं.

आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब वधूवरांची घोषणा करतात आणि विचारतात, या विवाहाला कुणाची हरकत असेल तर त्यानं पुढे येऊन सांगावं. हरकत कुणी घेत नसतं. त्या वेळात बायका पर्समध्ये रुमाल शोधतात, पुरुष घड्याळ बघतात. पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी बेबीचं आणि मास्तरांचं नाव वाचलं आणि विचारलं. माझ्या शेजारी डॉक्टर मान खाली घालून बसले होते. पुढच्या बाकाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं पित्त झालंय. उपासना संपल्यावर त्यांनी आवारात मास्तरांना गाठलं. "संध्याकाळी दवाखान्यात ये," एवढंच मला ऐकू आलं.

रविवारी दवाखाना बंद असायचा. त्या संध्याकाळी मात्र आतला दिवा बराच वेळ जळत होता.

पुढच्या रविवारी पुन्हा घोषणा झाली, तेव्हा डॉक्टर सरळ बसले होते. नंतरचं गीत त्यांनी इतक्या मोठ्यानं आणि इतकं बेसूर म्हटलं, की पुढच्या बाकावरच्या मुलांनी वळून बघितलं. मी त्यांना कोपरानं ढोसलं. ते थांबले नाहीत.

लग्न छान झालं. आक्का आणि डॉक्टर दोघंही रडले, आणि एकमेकांना रडल्याबद्दल ओरडले.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी आक्कांकडे सगळे जेवायला बसले असताना मास्तरांच्या हातातला पेला पडला आणि पाठोपाठ ते खुर्चीवरून कोसळले. हातपाय झाडू लागले, तोंडाला फेस आला. मोठी फिट होती. त्या आठवड्यात त्यांना ताप होता आणि गोळ्या घेण्यात खाडे झाले होते. डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा कोट घडी करून दिला आणि शांतपणे म्हणाले, "दूर व्हा, हवा येऊ द्या. थांबेल आता." ती थांबलीही. पण आक्कांची नजर जावयावर नव्हती. भावाच्या हातांवर होती. ते हात चपापले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात आल्या. बाकावर माणसं बसलेली होती. आक्का थेट खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. आवाज ऐकून मी मधलं दार उघडलं.

"किती वर्षं तुझ्याकडे औषध घेतोय तो?"

डॉक्टर उठून उभे राहिले. "आत ये, आक्का. बस."

"मला बसायचं नाही. बेबीनं सांगितलं मला सगळं. त्या बिचाऱ्याला स्वतःलाच धड माहीत नव्हतं. आजाराचं नावसुद्धा तू कधी त्याला सांगितलं नाहीस, नुसत्या गोळ्या देत राहिलास. खरंय हे?"

मी डॉक्टरांकडे बघत होते. त्यांचं तोंड किंचित उघडलं, आणि मिटलं.

"माझी एकच मुलगी होती," आक्का म्हणाल्या. "तीन रविवार पाळकसाहेबांनी विचारलं. तू तिथे बसला होतास, डॉक्टर." बाळ नाही, डॉक्टर. आणि त्या गेल्या. बाकावरची माणसं पायांकडे बघत राहिली. त्यातल्या दोघी हळूच उठून आक्कांच्या मागोमाग निघून गेल्या.

मी खूप चिडले होते. खरं सांगायचं तर मलाही आक्कांचंच पटलं होतं. आपल्या भाचीला विहिरीत ढकलणारं हे कसलं तत्त्व? मी डॉक्टरांशी दोन दिवस कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी दुपारी बेबी मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली आणि स्टुलावर बसून हमसाहमशी रडायला लागली.

"मामी, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. पहिल्या घोषणेनंतर मामांनी त्यांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, मी कुणाला सांगणार नाही, पण तू तिला सांगितल्याशिवाय लग्न करू नकोस. त्यांनी त्याच आठवड्यात मला सांगितलं. मग मी मामांकडे आले, सगळं विचारून घेतलं, फिट आली तर काय करायचं तेसुद्धा. आणि मग हो म्हटलं."

"मग आईला असं का सांगितलंस?"

"ती त्यांच्या अंगावर धावून गेली गं. फसवलंत म्हणाली, सामान उचला आणि चालते व्हा म्हणाली. माझ्या तोंडातून निघून गेलं. मामांचं नाव घेतलं की ती शांत होईल असं वाटलं." तिनं माझे हात धरले. "मी सांगीन तिला. नक्की सांगीन. थोडे दिवस जाऊ देत. तोवर तू नको ना बोलूस."

ती गेल्यावर मी तडक मधलं दार उघडून खोलीत गेले. पेशंट नव्हता. डॉक्टर बेसिनपाशी हात धूत होते.

"तुम्ही त्याला सांगितलं होतंत. तिलाही माहीत होतं. मग आक्कांपुढे गप्प का बसलात? एक वाक्य बोलला असतात तर!"

"बेबी आली होती वाटतं," ते म्हणाले आणि टॉवेल शोधू लागले.

"अहो, मी काय विचारतेय?"

"तो माझ्याकडे आला तो पेशंट म्हणून. ती आली तीही पेशंटची बायको होणार म्हणून. त्यांनी इथे काय सांगितलं, काय विचारलं, ते मी आक्काला कसं सांगू?"

"ती खोटं बोलली तुमच्यावर!"

"हो," डॉक्टर म्हणाले. "ते मी तिला सांगितलं, की हे बरं केलं नाहीस, आईला खरं सांग. पण सांगायचं तिनं. मी नाही." त्यांचे हात ओलेच होते. "आक्कानं मला वाढवलं गं. तिला मी असा वाटलो, हे फार लागलं मला." एवढ्या वर्षांत दुखलं असं त्यांनी स्वतःहून म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं. मी त्यांना टॉवेल दिला.

आता मलाही एक गुपित सांभाळायचं होतं. माझ्यासारख्या बाईला, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही! आक्का चर्चमध्ये पलीकडच्या बाजूला बसू लागल्या. डॉक्टरांनी भाचीला अंधारात ठेवलं, ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, आणि लोकांनी तिला चार फाटे फोडले. दवाखान्यातली गर्दी निम्म्यावर आली. ज्यांना नुसता सर्दीखोकला होता ते दुसरीकडे गेले. ज्यांना काही लपवायचं होतं ते मात्र येतच राहिले. ते एकेकटे यायचे, बहुतेक बंद व्हायच्या वेळेला. मास्तरही यायचे, महिन्याच्या महिन्याला, खाली मान घालून. डॉक्टर त्यांना झोप आणि गोळ्या एवढंच विचारत असावेत, कारण ते लगेच बाहेर पडायचे.

एकदा चर्चच्या फाटकात आक्का मला ऐकू येईल अशा बेतानं कुणाला तरी म्हणाल्या, "काही माणसांची प्रार्थना लांबलचक असते, पण काळीज दगडाचं." माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. गीतांचं पुस्तक छातीशी घट्ट धरून मी घरी आले आणि सगळी भांडी पुन्हा एकदा घासून काढली. डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "कढई तर स्वच्छच होती." मी म्हटलं, "माझं तोंड नव्हतं." ते एकदम खळखळून हसले, मग मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. आमचं लग्न मला खरं कळलं ते त्या दिवशी, असं आता वाटतं.

बेबी "सांगते मामी, सांगते" म्हणत राहिली. तिला मुलं झाली, मुलं शाळेत जायला लागली. सांगायचं राहूनच गेलं.

आणि मग एका सकाळी मी धुतलेले टॉवेल घेऊन दवाखान्यात गेले, तर बाकाच्या टोकाला आक्का बसलेल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. बरीच वर्षं मी त्यांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. अंगावर मांस राहिलं नव्हतं आणि ब्लाउज खांद्यावरून उतरत होता.

"आक्का! इथे काय बसलात? घरात या ना."

"घरी आले नाहीये मी. दाखवायला आलेय. माझ्या पुढे अजून हे गृहस्थ आहेत."

"काय होतंय?"

"तुला सांगायचं असतं तर तुझ्याकडे आले नसते का?"

मी तशीच उभी राहिले. टॉवेल खाली ठेवायचंही सुचेना. आक्कांनी मला वाकायची खूण केली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बेबीला इतक्यात कळायला नकोय मला. तिच्या धाकट्याची परीक्षा होऊ दे. दुसऱ्या कुणाकडे गेले तर माझ्याआधी बातमी घरी पोचेल. तुझ्या नवऱ्याच्या पोटातून काही बाहेर पडत नाही. ते माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार?"

म्हणजे त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. भावानं आपल्याला फसवलं असं मनात धरूनच त्या त्याच्या दाराशी नंबर लावून बसल्या होत्या.

खोलीचं दार उघडलं. आधीचा पेशंट बाहेर आला, मागोमाग डॉक्टर. "पुढचे कोण?" म्हणाले, आणि त्यांनी पाहिलं. पुढे असलेले गृहस्थ आपणहून म्हणाले, "त्यांना जाऊ द्या, मला घाई नाही." आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. डॉक्टर दार धरून उभे राहिले, त्या आत गेल्यावर मागे वळले आणि दार लावून घेतलं.

मी स्वयंपाकघरात आले. चहा ठेवला, गाळला, तो निवला, ओतून टाकला, पुन्हा ठेवला. मधल्या दारापलीकडून आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. आक्कांचा आवाज, मग डॉक्टरांचा. पूर्वीची मी असते तर एव्हाना दाराला कान लावला असता.

मधलं दार उघडून डॉक्टर आत आले. डोळे लाल होते. "चहा दे," म्हणाले. "दोन कप. तिच्या कपात साखर जास्त." मी दिला. काही विचारलं नाही. त्यांनी ट्रे दोन्ही हातांनी उचलला, खोलीत गेले आणि पायानं दार मागे लोटलं. ते नीट लागलं नाही. फटीतून मला खुर्चीच्या कडेवर टेकलेल्या पाठमोऱ्या आक्का दिसल्या, आणि त्यांचा आवाज आता स्पष्ट ऐकू येऊ लागला. मी उठले, आणि दार हळूच ओढून घेतलं.