चुनाभट्टीवरचं घमेलं

मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे, मित्रांनो. माझा काठ दोन जागी चेपलेला आहे. पण माझी गोष्ट ऐकाल, तर मला भंगारात टाकावंसं तुम्हाला वाटणार नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरजवळच्या एका चुनाभट्टीवर मी कामाला लागलो नि सुखीबाई नावाच्या मजूर बाईच्या वाट्याला आलो. घाम आणि चुना एकत्र आले की कातडी भाजते. तिथल्या बायांच्या हातांना सदा फोड. हातमोजे नव्हते, हात धुवायला पाणीही नव्हतं.

एकदा उज्ज्वला राठोड नावाची पत्रकार तिथे आली. आपण कोण, कशाला आलो, हे तिने बायांना सरळ सांगितलं. सुखीबाईने मला तिच्या पुढ्यात ठेवलं. "लिहाचं हाय ना तुले? मंग आधी उचल."

उज्ज्वला मजुरीला लागली. पहिल्या दिवशी तिने मला तीनदा पाडलं. माझा काठ चेपला तो तेव्हाच. पण ती चाळीस दिवस टिकली. तिच्याही हातांना फोड आले.

लेख लिहिल्यावर तिने तो आधी बायांना वाचून दाखवला. 'बाया रडत काम करतात' हे वाक्य येताच सुखीबाई फणकारली, "रडतो कवा आमी? गाणे म्हणतो. काढ ते!" उज्ज्वलाने ते तिथेच खोडलं.

लेख छापून आला आणि चौकशीला सरकारी साहेब आले. मालक हसला आणि धडधडीत खोटं बोलला. "ह्या बाईनं कधी घमेलं तरी उचललं का, साहेब? सारं मनचं लिहिलं."

माझा तर जीवच टांगणीला लागला. उज्ज्वलाने मला दगडांनी काठोकाठ भरलं. डोक्यावर चुंबळ ठेवली. मला डोक्यावर चढवायला सुखीबाईने हात लावला. मग अरुंद फळीवरून उज्ज्वला थेट भट्टीच्या तोंडापर्यंत चढली. एक खडाही सांडला नाही!

खाली सतरा बाया पुढे झाल्या. "आता आमचे हात पाहा, साहेब," सुखीबाई म्हणाली. साहेबांनी एकेकीचं म्हणणं लिहून घेतलं.

महिन्याभरात नळ आला, हातमोजे आले. त्या दिवशी बायांनी मला पहिल्यांदा पाण्याने भरलं, एकमेकींना भिजवलं. एवढं हसू मी भट्टीवर कधी ऐकलं नव्हतं.

आता नवी घमेली आली आहेत. मी भिंतीशी पालथं पडून असतो, गंज चढतो. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर अधूनमधून तेलाचा हात फिरवत जा. पण आमच्याआधी आम्हाला उचलणाऱ्यांना जपा. घमेलं बाजारात नवं मिळतं. हात मिळत नाहीत.