मी बिघडले नव्हते

मी एक जुनी हातमशीन आहे, केस कापायची. दोन दांड्या, मधे स्प्रिंग आणि पुढं एकावर एक बसलेली दातेरी पाती. दांड्या दाबल्या की वरचं पातं सरकतं आणि केस खाली पडतो. मला वीज लागत नाही, जातही लागत नाही. मित्रांनो, ही गोष्ट मी रागानं सांगणार आहे. गोड ऐकायचं असेल त्यानं दुसऱ्या कुणाचं आत्मवृत्त वाचावं.

माझं गाव सेनगाव तालुक्यातलं, गोरेगावच्या जीपरस्त्यावरचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीची गावं सुटली असं वाटेल.

गावच्या ग्यानबा न्हाव्यानं मला कळमनुरीच्या बाजारातून आणलं. तेव्हा तो तरणा होता. पाराजवळच्या लिंबाखाली पोतं टाकून बसायचा. हात असा हलका, की गिऱ्हाईक मान टाकून झोपायचं. माझी एक दांडी घामानं निसटायची, म्हणून त्यानं तिला तांब्याची तार गुंडाळली. कामाच्या आधी तेलाचे दोन थेंब, काम झालं की दातातले केस ब्रशानं झाडायचे, हा त्याचा नेम.

शेतकरी माणसाला केसांचे लाड परवडत नाहीत. "ग्यानबा, असे काप की महिनाभर कंगवा लागू नये," असं म्हणत लोक बसायचे. ग्यानबा आधी डोकं चाचपायचा. "बाजूनं बारीक करतो, वरी बोटाचं अर्धं पेर ठेवतो. तुमच्या भोवऱ्यापाशी जरा जास्त लागतेत, न्हाईतर तुरीच्या खुंटावानी उभे राहतेत." डोकं पाहून केस ठरवायची त्याला अक्कल होती. माणूस पाहून ठरवायची अक्कल मात्र पारावरच्यांनी त्याला शिकवली.

एका सकाळी भीमनगरातला जळबा आला. बोटाला धरून आणलेला मुलगा भीमराज, आठ-नऊ वर्षांचा.

"ग्यानबाभाऊ, लेकराचे बारीक करून द्या. केस वाढले म्हणून मास्तरनं वर्गाभाईर उभं केलं."

ग्यानबानं मला नुकतंच पोत्यावर ठेवलं होतं. मी अजून गरम होते, दातात आधीच्या डोक्याचे केस होते. त्यानं पारावर बसलेल्यांकडं पाहिलं. मग जळबाकडं न पाहता म्हणाला, "मशीन बिघडली, जळबा. गोरेगावला जा."

जळबानं माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाला आणि लेकराला घेऊन निघाला. ते वळणावर पोचलेही नव्हते, तेवढ्यात ग्यानबानं पुढचं गिऱ्हाईक बसवलं. माझी करकर सुरू झाली. पोरगं मागं वळलं. ते तोंड मी विसरले नाही, विसरणारही नाही.

पुढं ते रोजचंच झालं. भीमनगरातलं कुणी आलं की मी बिघडायचे! एकदा एक म्हातारा म्हणाला, "काहून हो, आमाला पाहूनच बिघडती का ही?" त्यावर पार हसला. पारावरच्यांनी ग्यानबाला बजावलं होतं, की त्यांच्या डोक्याला लावलेली मशीन आमच्या डोक्याला चालणार नाही. ग्यानबाला पोटाची भीती होती, ती खरी होती. पण भीती त्याची, घाण पारावरच्यांची, आणि बदनाम कोण? मी! ज्या मशीननं एक दिवस खाडा केला नाही, ती!

नंतर ग्यानबाच्या मुलानं, माऊलीनं सलून काढलं. मोठा आरसा, फिरती खुर्ची, चार्जिंगचं ट्रिमर. मला खणात फेकलं. तेल नाही, ब्रश नाही. मी गंजले. खणात पडल्या पडल्या ऐकत होते. भीमनगरातला पोरगा दारात आला की माऊली म्हणायचा, "चार्जिंग संपली, भाऊ." मशीन बदलली, थाप तीच. शेवटी एक दिवस त्यानं मला भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकलं.

भंगाराचा गाडा भीमनगरात गेला. भीमराज आता बाप्या माणूस झाला होता. हळद पॉलिश करायच्या ड्रमवर कामाला होता. हळदीची भुकटी केसांत बसली की मुळापर्यंत खाज. त्याला केस बारीकच लागायचे, आणि दर पंधरा दिवसांनी त्यासाठी गोरेगावची जीप. त्यानं गाड्यावर दांडीची तार पाहिली आणि थबकला. फुटकं घमेलं देऊन त्यानं मला घेतलं.

त्यानं मला खोललं, रॉकेलमधे भिजवलं, पाती दगडावर घासली, शिलाई मशीनचं तेल दिलं. दांडी दाबली. करकर! भीमराज कितीतरी वेळ नुसता दाबत बसला.

पहिल्यांदा त्याचे केस बायकोनं, चांगुणानं कापले.

"अगं माये! कापून राहिली का उपटून?"

"दांडी पुरी दाबायच्या आधीच पुढं ओढली मी. गप बसा. कान हलवला तर कान जाईल."

दोन-तीन खेपांत दोघं शिकले. दर रविवारी त्यांच्या अंगणात भीमनगर बसू लागलं. काम झालं की मला तेल. मी पुन्हा माणसांत आले.

मग गेल्या महिन्यात गावची डीपी जळाली. दोन दिवस वीज नाही. त्यात सोमवार, गोरेगावची सगळी सलूनं बंद. आणि त्याच दुपारी ग्यानबाच्या नातीच्या साखरपुड्याला पाहुणे येणार होते. माऊली बापाचे केस कापत होता. अर्धं डोकं झालं आणि ट्रिमर मेलं. या वेळी चार्जिंग खरोखर संपली होती. माऊलीला कात्री-कंगव्याची सवय नाही, ग्यानबाचे हात आता म्हातारपणानं थरथरतात. वस्तऱ्यानं गोटा करावा, तर घरात मयत झाल्यासारखं दिसतं. सोयरे दारातूनच माघारी फिरायचे.

डोक्याला रुमाल गुंडाळून ग्यानबा भीमनगरात आला, मागं माऊली. अंगणात बाजेवर जळबा बसला होता. आता त्याला ऐकू कमी येतं.

"भीमराज, मशीन हाय म्हणं तुझ्यापाशी," ग्यानबा म्हणाला आणि रुमाल काढला. अर्धं डोकं कापलेलं, अर्धं झिपरं. चांगुणानं तोंडाला पदर लावला.

भीमराजनं मला हातात घेतलं. मला वाटलं, आता तो तेच वाक्य म्हणणार. आणि खरं सांगते, त्यानं ते म्हणावं असं मला वाटत होतं.

"मशीन चांगली हाय, काका. तार वळखली का? आमी आलो त्या दिवशी ही बिघडली होती का?"

"जुनं काय उकरून राहिला?" माऊली म्हणाला. "पाहुणे येऊन राहिले तिकडं!"

"तुला न्हाई विचारलं."

 ग्यानबा खाली बघून पुटपुटला, "न्हाई. नव्हती बिघडली."

"मोठ्यानं. बाबाला कमी ऐकू येतं."

 मग ग्यानबा सगळ्या भीमनगराला ऐकू जाईल असा ओरडला, "जळबा, मशीन बिघडली नव्हती!"

जळबानं मान वर केली. "ठाव हाय मला," म्हणाला. "वळणापस्तोर करकर ऐकू येत होती."

मग भीमराज म्हणाला, "बसा." आणि अर्ध्या डोक्याला अर्धं डोकं बराबर जुळवून दिलं. भोवऱ्यापाशी जरा जास्त ठेवले.

सगळं सुधारलं असं मी सांगणार नाही. माऊलीच्या दुकानात भीमनगरातलं कुणी बसल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

मित्रांनो, केस बारीक ठेवा, डोक्याला ताप नाही. मशीनच्या दातातले केस झाडा, तेलाचे दोन थेंब द्या, ती तुमच्या नातवालाही पुरेल. आणि तुमच्यासमोर कुणी कुणाला "मशीन बिघडली" म्हणालं, तर मुकाट बघत बसू नका. पुढं व्हा, ती हातात घ्या आणि सगळ्यांसमोर दाबून दाखवा.