झाकण निवल्यावर लावा

मी स्टीलचा डबा बोलतोय. घर मुलुंडला, दुसऱ्या मजल्यावर. माझ्या पोटावर 'चि. राजेशच्या बारशानिमित्त' असं कोरलंय. त्याच्या आईनं, रत्नप्रभाबाईंनी, हौसेनं कोरून घेतलं. माझं झाकण पहिल्यापासून घट्ट. आत मुंगी शिरायची नाही म्हणून त्या मला मिरवायच्या.

आता त्यांची बोटं वाकडी झालीत. सून श्वेता कामावर जाताना उकळती पेज माझ्यात ओतायची आणि लगेच झाकण दाबायची. आत नुसती वाफ. दुपारपर्यंत मी निवायचो. आतली हवा आकसायची, तिचा जोर ओसरायचा, आणि बाहेरची हवा झाकणावर ठाण मांडून बसायची.

बाई मला मांडीत धरून, पदर गुंडाळून ओढायच्या. "उघड रे बाबा, माका भूक लागली हा." पाणी तापवावं, तर गॅसच्या कपाटाला सूनबाईचं कुलूप.

संध्याकाळी राजेश मला एका हिसक्यात उघडायचा. "उघडतोय की, आई. हे नखरे बंद कर, नाहीतर आश्रमात ठेवावं लागेल."

"नखरे नाय रे, हाताक जोर नाय."

"चहाचा कप बरा उचलतेस."

एकदा बाईंनी मला लाटण्यानं ठोकलं. समोरच्या माधुरीताई आवाज ऐकून आल्या. काय शिजतंय हे बघायची त्यांना सवयच. मला घरी नेऊन गरम पाण्यात बसवलं. आतली हवा पुन्हा फुगली, झाकण टप्पकन सुटलं. बाई उभ्यानंच जेवल्या.

संध्याकाळी ताईंनी श्वेताला जिन्यात गाठलं. "अगं, पेज निवू दे, मग झाकण लाव. एवढंच तर आहे."

"बरं झालं सांगितलंत, काकी."

दुसऱ्या दिवशी तिनं पेज खळखळ उकळवली, दोन्ही तळव्यांनी झाकण दाबलं आणि जाताना दाराला बाहेरून कुलूप घातलं.

महिन्याभरात आश्रमाची गाडी आली. "जेवतच नाहीत हो," श्वेता शेजाऱ्यांना सांगत होती. बाईंनी मला पिशवीत घातलं होतं. राजेशनं बाहेर काढलं. "तिकडे ताट देतात, आई."

हल्ली माझ्यात बिस्किटं असतात. गार. झाकण एका बोटानं उघडतं. राजेश खाताना त्याचं नाव त्याच्याच अंगठ्याखाली येतं.

तुमच्या घरी कुणी वाकड्या बोटांचं असेल, तर झाकण निवल्यावर लावा. माहीत नसेल त्याच्यासाठी सांगतोय. ज्यांना माहीत आहे, त्यांना मी डबा काय सांगणार.