लाल तार

मिस्त्रीने धुण्याच्या ढिगातला शेवटचा सदरा उचलला, खिसा उलटा केला आणि तो तसाच हातात धरून उभा राहिला. खिशातून बसचं एक तिकीट पडलं, थोडा भुसा पडला. तार पडली नाही.

बाकीचे पाच सदरे त्याने पुन्हा झटकले. कामाची पिशवी फरशीवर उपडी केली. पाने, पक्कड, टॉर्च, नळीच्या तोंडावर बसवायच्या दोन जाळ्या, सगळं होतं. वीतभर लांबीची, दोन्ही टोकांना चिमटे असलेली लाल तार तेवढी नव्हती.

गॅसवर पाणी तापवणारी यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची उभी हयात गेली होती. ज्या घरांत धुराला वर जायला वाट नाही, तिथे यंत्राच्या डोक्यावर विजेचा पंखा असतो. तो जळका, विषारी वायू भिंतीतल्या नळीवाटे घराबाहेर ढकलतो. पंखा खरोखर ढकलतोय ना, हे बघायला एक चिमुकला स्विच बसवलेला असतो, आणि त्याने मान हलवल्याशिवाय गॅसची झडप उघडत नाही. कधी पंखा फिरतो पण ज्योत पेटत नाही. तेव्हा मिस्त्री स्विचच्या दोन टोकांना लाल तार लावून त्याला घटकाभर बाजूला काढतो. पेटलं, तर संशय स्विचवर. पण घटकाभरच. तार तशीच राहिली, तर पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबून दार सताड उघडं टाकल्यासारखं. नव्या बनावटीचं यंत्र ही लबाडी ओळखून अडून बसतं. जुनं बिचारं विश्वास ठेवतं.

म्हणून तारेची जागा ठरलेली होती, सदऱ्याचा वरचा खिसा. आणि रोज संध्याकाळी धुणं भिजवण्याआधी बायको खिसे उलटे करायची. तार हाताला लागली नाही, तर मोरीतूनच तिची हाक यायची, “अहो, लाल तार कुठंय?” तीस वर्षांत दोनदा ती सापडली नव्हती. दोन्ही वेळा तिने त्याला जेवणाच्या ताटावरून उठवून परत पाठवलं होतं.

तिला जाऊन अकरा महिने झाले होते. आता धुणं रविवारी निघायचं, आठवड्याचं एकदम.

तार कुठे लावली होती, हे आठवायला त्याला फार वेळ लागला नाही. सोमवारी. चढावरच्या शेवटच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या काकू. यंत्र पेटलं होतं, “स्विच गेलाय, उद्या नवा घेऊन येतो,” असं तो म्हणाला होता, आणि तेवढ्यात दुसरीकडे टाकी फुटल्याचा फोन आला होता. झाकण लावून तो धावला होता. आज रविवार. मधल्या सहा सकाळी काकूंनी गरम पाण्याचा नळ सोडला असेल.

त्याने फोन लावला. घंटा वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग धुणं तसंच टाकून, पिशवी भरून तो निघाला.

चढ त्याने कसा पार केला ते देवालाच माहीत. देवाशी तो फार बोलणारा नव्हता, पण त्या चढावर त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागितली. घराला वळसा घालून तो आधी बाजूच्या भिंतीशी गेला. यंत्राची पांढरी नळी तिथे कमरेच्या उंचीवर बाहेर आली होती. त्याने तिच्यावर तळहात ठेवला. गार. सकाळचे साडेनऊ, अंघोळीची वेळ, आणि नळी गार.

तो तसाच दाराशी गेला. त्याने घंटा दाबली, आणि बोट काढायचं विसरला.

“अहो, किती वाजवाल! येतेय. माझे गुडघे घंटेवर चालत नाहीत.”

दार उघडलं. काकू समोर उभ्या होत्या, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात कात्री.

त्याने चौकटीचा आधार घेतला.

“मिस्त्री? चढ चढून आलात की मागे कुत्रं लागलं होतं?”

“फोन का नाही उचललात?”

“नाव दिसत नसलं तर मी उचलत नाही. मागे एकाने मला मोटार विकायला काढली होती. आत या, पाणी प्या.”

तो पाणी न पिता सरळ न्हाणीघराशेजारच्या खोलीत गेला. झाकण काढलं. तार तिथेच होती, दोन्ही चिमटे घट्ट. पण खालची गॅसची तोटी आडवी केलेली होती. बंद.

“ही कुणी बंद केली?”

“मीच. मंगळवारी सकाळी.” काकू दाराशी येऊन टेकल्या. “तुम्ही गेलात, दुसऱ्या दिवशी मी नळ सोडला. पेटलं. पण पंख्याचा आवाज मला बरा वाटेना. आमच्या ह्यांना बावीस वर्षं दमा होता, मिस्त्री. श्वास आत जातोय आणि बाहेर पडत नाही, तो आवाज मला झोपेतही कळायचा. तसाच आवाज. खिडकीच्या काचांवर घाम धरला, माझं डोकं दुखायला लागलं. मी तोटी फिरवली आणि खिडक्या उघडल्या.”

मिस्त्रीने तार काढली, खिशात घातली आणि बाहेर जाऊन नळीत बोटं घातली. कोपरापर्यंत हात गेल्यावर वाळलेलं गवत लागलं, मग काड्या, मग पिसं. पाखराचं जुनं घरटं होतं, मूठमूठ करून निघालं. म्हणजे स्विच बिघडलाच नव्हता. सोमवारी तो खरं तेच सांगत होता, आणि मिस्त्रीने त्यालाच खोटं ठरवलं होतं.

आत येऊन त्याने तोटी उघडली, नळ सोडला. आधी पंखा फिरला, मोकळा, भरून. मग टिक् झालं. मग ज्योत धरली.

“हां,” काकू डोळे मिटून म्हणाल्या. “हा आपला आवाज.”

विषारी वायू साठल्याची सूचना देणारी डबी भिंतीवर होती, पण मुकी. मिस्त्रीने ती उघडली. आत सेल नव्हते.

“ते रेडिओत आहेत,” काकू ओशाळून म्हणाल्या. “सकाळी देवाचं गाणं लागतं ना.”

त्याने स्वतःच्या टॉर्चमधले सेल काढून डबीत घातले. ती एकदा किंचाळली आणि गप्प झाली.

“सहा दिवस गार पाण्यानं अंघोळ केलीत?”

“पातेलंभर तापवून घ्यायची.”

“मग मला फोन करायचा, काकू! दोन शिव्या घालायच्या. मी विसरलो होतो.”

काकूंनी रुमालाचं टोक उगाचच नीट केलं.

“फोन केला असता, तर तुम्ही त्याच दिवशी येऊन गेला असतात,” त्या म्हणाल्या. “काम संपलं असतं. हे असं सहा दिवस माझ्याकडे कुणीतरी येणार होतं.”

नळ चालूच होता. मिस्त्रीने तो बंद केला. पंखा थोडा वेळ फिरत राहिला, मागे उरलेला वायू बाहेर घालवून मग थांबला. घर शांत झालं. ही शांतता त्याच्या ओळखीची होती.

मग त्याने काकूंना तारेची गोष्ट सांगितली. खिसे, धुणं, मोरीतून येणारी हाक. एवढं तो अकरा महिन्यांत कुणाशी बोलला नव्हता. काकूंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

निघताना तो म्हणाला, “नळीच्या तोंडाला जाळी हवी, नाहीतर पाखरं पुन्हा येतील. आज आणली नाही. पुढच्या रविवारी येतो.”

“विसरलात तर?”

“तर फोन करा. आणि माझं नाव घालून ठेवा त्यात.”

काकूंनी पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. देताना आत दोन जाळ्या एकमेकींवर वाजल्या. दोघांनाही ऐकू आलं.

तो फाटकाशी पोचला, तेव्हा मागून आवाज आला.

“मिस्त्री, लाल तार?”

त्याला ठाऊक होतं ती कुठे आहे. तरी तो थांबला, पिशवी खाली ठेवली, आणि खिसा चाचपून पाहिला.