एकशे ऐंशी किलोमीटर

ही एक्क्याऐंशी सालची गोष्ट. एका छोट्या विमानतळावर विमानांच्या वेळा मिनिटागणिक नोंदवणाऱ्या बाईंना सगळे मिनिटबाई म्हणत. नव्या मॅनेजरने वेळापत्रक मिनिटबाईंपुढे सरकवलं आणि सहीची जागा बोटाने दाखवली. जाताना चाळीस मिनिटं, येताना चाळीस मिनिटं. हे गृहस्थ आधी साबणाच्या कंपनीत होते. विमान आणि वडी यांत त्यांना फारसा फरक वाटत नसे.

बाईंनी सांगितलं, जायला अडतीस लागतात, यायला छप्पन्न.

"अंतर एकशे ऐंशी किलोमीटर. जाताना तेवढंच, येताना तेवढंच. मग वेळ वेगळा कसा, बाई?"

"वारा असतो, साहेब. जाताना पाठीशी, येताना तोंडावर."

"वाऱ्याला आपण पगार देत नाही," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. फेरीमागे चौदा मिनिटं, चार फेऱ्यांची छप्पन्न. धावपट्टीला दिवे नव्हते. साहेबांनी हेड ऑफिसला कबूल केलेली चौथी फेरी कागदावर उजेडात उतरत होती. हिवाळ्यात खरी उतरली असती ती मिट्ट काळोखात. मॅनेजरने बजावलं, दोन्हीकडच्या नोंदवाल्यांची सही हवी. नाहीतर उद्यापासून सामानाच्या काट्यावर.

पलीकडच्या विमानतळावरचा नोंदवाला म्हणजे बाईंच्या दिवसातला एकुलता एक शहाणा माणूस. अकरा वर्षं विमान सुटलं की बाई फोन करून "उडालं" म्हणत, पोचलं की तो "टेकलं" म्हणे. मधेच जेवलात का, विचारी. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. हा माणूस सही करणार नाही, याची बाईंना इतकी खात्री होती, की त्यांनी विचारण्यापुरताच फोन लावला.

त्याची सही आधीच झाली होती. हेड ऑफिसला बदली मिळत होती. आपण लिहिणारे, उडवणारा बघून घेईल, असं तो समजुतीच्या सुरात सांगत राहिला.

"अकरा वर्षं छप्पन्न तुम्हीच लिहिलंत ना?"

"तुम्ही फार मनाला लावून घेता, बाई."

बाईंनी फोन ठेवला. मॅनेजर तर कीव करण्याच्याही लायकीचा नव्हता. पण या माणसाची आपण किंमत केली होती, याचीच त्यांना शिसारी आली. त्यांनी सही केली नाही. साहेबांनी एका सहीवर भागवलं.

डिसेंबरात चौथी फेरी अंधारात धावपट्टी सोडून चरात गेली. प्रवासी वाचले, कॅप्टनचा पाय गेला. चौकशीत दोष त्याचाच निघाला. कागद बरोबर होता. पुढे त्याने मोटार शिकवायचा वर्ग काढला. मॅनेजर डायरेक्टर झाले आणि सुरक्षेवर भाषणं देऊ लागले. विमानतळ बंद पडला, तिथे आता भंगारातल्या बसगाड्या उभ्या असतात. मिनिटबाई निवृत्त होईपर्यंत काट्यावर होत्या. तिथलं एक वजन कधी चुकलं नाही.

परवा पलीकडच्या नोंदवाल्याचं पत्र आलं. बायको गेली, मुलं दूर. एकदा भेटायला येऊ का, असं विचारलं होतं. बाईंना आता दिसत नाही. भाचीने वाचून दाखवलं.

"काय कळवू, आत्या?"



"लिही, लांब पडेल."