शूटिंगवाला

वडशाच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवानंदचा स्टुडिओ होता आणि त्याच्याकडचा व्हीसीआर हा त्या भागात अजून चालणारा बहुधा शेवटचा. ऐन तारुण्यात त्याने कुरखेड्यापासून आरमोरीपर्यंत शेकडो लग्नांचं शूटिंग केलं होतं, एकट्यानं, कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू न देता. आणि प्रत्येक कॅसेट हवाली करताना, ही जन्मभर टिकेल, असं तो छातीठोकपणे सांगत असे. पंचवीस-सव्वीस वर्षांतच त्या फितींवर पांढरी बुरशी चढली. आता तेच लोक त्या कॅसेटी घेऊन येत. तो स्पिरिटच्या बोळ्यानं फीत पुसून काढी आणि जे वाचेल ते पेनड्राइव्हवर उतरवून देई.

मनकर्णाबाई आपल्या लग्नाची कॅसेट घेऊन आली, तेव्हा तिचा नवरा जाऊन सहा महिने झाले होते.

"फोटो हायेत भाऊ, पन त्यायचं चालनं-बोलनं यातच हाये. नातवाले दाखवाचं हाये. निघन का?"

"निघन," देवानंद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कॅसेट लावली. मांडव, आंब्याचे टहाळे, नवरदेवाचा लाजरा चेहरा, सारं आडव्या रेघांमागून थरथरत पुढे सरकत होतं. मग पंगत आली. पंगतीच्या मधोमध, चौकड्यांचा शर्ट घातलेला, सव्विशीतला देवानंद वरण-भात कालवत बसला होता. कॅमेरा जवळ आला तसं त्याने वर पाहिलं आणि ओळखीचं हसला.

देवानंदने फीत मागे घेतली. पुन्हा पाहिलं. पुन्हा मागे घेतली. कॅमेरा एकच होता आणि तो त्याच्याच खांद्यावर होता. त्या दिवशी खांद्याला लागलेली रग त्याला अजून आठवत होती.

त्याने मनकर्णाबाईला फोन लावला.

"तुमी कुठी शूटिंग केली भाऊ?" ती म्हणाली. "तुमी तं पंगतीत होते. शूटिंगवाला दुसराच होता. दिवसभर एक शब्द नाई बोलला बिचारा."

"कोन होता?"

"मले काऊन पुसता? तुमच्यासंगच तं आला होता."

त्यानंतर त्याला दुकानात बसवेना. रस्त्यावर जाई, परत येई, हाताचा स्पिरिटचा वास जात नाही म्हणून पुन्हा पुन्हा हात धुई. कपाटात ठेवलेल्या जुन्या लग्नांच्या प्रती त्याने एकेक करून लावल्या. कित्येक अडकल्या, दोन तुटल्या. ज्या चालल्या त्या प्रत्येकीत तो होता: कुठे वरातीत नाचताना, कुठे आहेराच्या रांगेत. कॅमेरा मात्र त्याच्या हाती एकदाही नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी त्याने स्वतःच्या लग्नाची कॅसेट काढली. ते शूटिंग ब्रह्मपुरीहून बोलावलेल्या माणसानं केलं होतं, तेव्हा तिथे तरी घोळ व्हायचं कारण नव्हतं. त्याची बायको नीलाबाई नेहमीप्रमाणे डबा घेऊन आली होती. तीही स्टुलावर बसून पाहू लागली. अंतरपाट खाली आला. मुंडावळ्या बांधलेल्या देवानंदनं तिच्या गळ्यात हार घातला. त्याला हायसं वाटलं.

आणि तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, की पडद्यावरचा तिचा तांबडा शालू त्याला आठवत नव्हता. त्याच्या आठवणीतला तिचा शालू करडा होता, चेहराही करडा, आणि बोटभर लहान. तेव्हाच्या कॅमेऱ्याला डोळा लावला की आतल्या इवल्या काचेत सगळं जग असंच करडं दिसायचं.

"अवं," त्याने अडखळत विचारलं, "त्या दिवशी मी कुठी उभा होतो?"

नीलाबाई पडद्यावरच्या नवरदेवाकडे पाहत राहिली, बराच वेळ, मायेनं. फीत संपली, पडदा निळा झाला. मग तिने मांडीवरचा न उघडलेला डबा उचलला, पदर सावरला आणि परक्या माणसाशी बोलावं तशा नरम, अदबीच्या आवाजात म्हणाली,

"कॅसेट उद्यापर्यंत होईन का मंग भाऊ? घरी हे वाट पाहून राह्यले."