आधी उजळलेलं यीस्ट

बाईंनी दोन्ही फ्लास्क स्पिरिटच्या बोळ्याने लख्ख पुसले, आणि पुसून झाल्यावर त्यांचा हात तसाच थांबला. काचेवर शाईने केलेल्या खुणा बोळ्यावर उतरल्या होत्या. साऱ्या प्रयोगशाळेला स्वच्छतेचा धाक घालणाऱ्या बाई स्वच्छतेपायीच फसल्या.

"यातला जुना कुठला गं?"

त्यांच्या विद्यार्थिनीने मान हलवली. तिला तरी काय ठाऊक! दोन्हींत तेच गढूळ पाणी, तेच यीस्ट.

फरक होता तो पूर्वायुष्याचा. यीस्टला ग्लुकोज भारी प्रिय. ते समोर असेपर्यंत गॅलॅक्टोज ही दुसरी साखर पचवायची जनुकं ते बंदच ठेवतं, नको तिथे शक्ती खर्चत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत ते यीस्टनेच. एका, म्हणजे ‘जुन्या’ फ्लास्कमधल्या यीस्टच्या आधीच्या पिढ्या गॅलॅक्टोजवर वाढल्या होत्या, मग त्यांना ग्लुकोजवर आणलं होतं. दुसऱ्याने गॅलॅक्टोज जन्मात चाखलं नव्हतं. पुन्हा ते दिलं, तर पहिल्याला आठवेल का, त्याची जनुकं लवकर उघडतील का, एवढं एकच बाईंना निवृत्तीआधी जाणून घ्यायचं होतं. निवृत्ती शुक्रवारी होती. सगळं नव्याने वाढवायला तेवढा वेळ उरला नव्हता.

"दोन्ही धुऊन गॅलॅक्टोजमध्ये टाकू," विद्यार्थिनी म्हणाली. "जे आधी चमकेल ते जुनं."

जनुक उघडलं की पेशी निळ्या दिव्याखाली हिरवी चमकावी, अशी सोय बाईंनीच करून ठेवली होती. त्या कामाला लागल्या.

दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली एका फ्लास्कमधल्या पेशी काळ्याच राहिल्या. दुसऱ्यातल्या मात्र एकेक करत हिरव्या उजळू लागल्या.

"बाई, आठवलं त्यांना! आता हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"कांकण कुणाच्या हातात होतं, तेच मी पुसून टाकलंय ना." बाई हसल्या. "एक आधी उजळलं, एवढंच खरं. ते जुनंच, हे कशावरून? जे शोधायचंय, तेच धरून चालायचं?"

"पण खुणा पुसल्या गेल्या, हे आपल्या दोघींनाच माहीत आहे."

"दोघी म्हणजे खूप झाल्या. पुढच्या महिन्यात तू पहिल्यापासून कर."

तिला बाईंचा राग आला, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

बाई पुन्हा भिंगावर वाकल्या. निळ्या दिव्याखाली पेशींची चमक हळूहळू मरते, म्हणून मोजणीपुरताच तो लावायचा, हा बाईंचाच दंडक. विद्यार्थिनीचा हात सवयीने तो बंद करायला बटणाकडे गेला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "आता मोजायचं काही नाही. काय हुशार आहेत गं या!"

तिने हात मागे घेतला. हिरवं पार मावळेपर्यंत बाई पेशींकडे पाहत राहिल्या, आणि ती बाईंकडे.